नेटवर्कमधले सुरक्षाभंग: नेहमी घडणारे कोणते आणि आधी कुठे बघायचं

विचारणाऱ्याची परिस्थिती थोडक्यात अशी: दीड-दोनशे संगणकांच्या नेटवर्कची जबाबदारी नुकतीच अंगावर आली आहे. अभ्यासक्रमात हल्ल्यांचे पंचवीस-तीस प्रकार शिकून झाले, पण रोजच्या कामात खरोखर समोर येतात ते कोणते, हाताशी वेळ कमी असताना आधी कुठे लक्ष द्यायचं आणि काही सापडलंच तर सुरुवात कशी करायची, हे उमगत नाहीये.

पाठ्यपुस्तकातल्या यादीची अडचण अशी, की तिथे फिशिंग (खोट्या मेलने फसवणं), स्निफिंग (चालू वाहतूक चोरून वाचणं), स्पूफिंग (खोटी ओळख दाखवणं), रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणं), डीडॉस (असंख्य यंत्रांवरून मारा करून सेवा बंद पाडणं) हे सगळे एका रांगेत सारख्याच मानाने बसलेले असतात. प्रत्यक्षात यातला एखादा प्रकार एकटा क्वचितच येतो. घटनेचा माग काढायला बसलं की साखळी सापडते. कुणाचा तरी पासवर्ड गेला, त्यावरून एक मशीन हाती लागलं, त्या मशीनवरून शेजारची पाच, मग ॲडमिनचं खातं, आणि शेवटी माहितीची चोरी किंवा सगळ्या फायली कुलूपबंद. बातमीत शेवटची कडी येते. बचावाची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या कडीभोवती फिरते. मधल्या कड्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो आणि त्यांची नोंद तुमच्याच लॉगमध्ये, म्हणजे यंत्रांच्या नोंदवहीत, होत असते, तरी त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. माझं उत्तर या मधल्या कड्यांकडे जाणूनबुजून झुकलेलं आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसणारा भंग म्हणजे चोरलेल्या खऱ्या ओळखीने आत येणं. वापरकर्त्याचं नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, सर्व्हर आत घेतो. त्याच्या लेखी काही वावगं घडलेलंच नसतं. पासवर्ड मिळवायच्या तीन वाटा लॉगमध्ये तीन वेगळे ठसे सोडतात. एकाच खात्यावर हजारो पासवर्ड चालवून बघणं हा ब्रूट फोर्स. तो फार आवाज करतो, खातं लॉक होतं, कुणाच्या तरी लक्षात येतं. दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून फुटलेली नाव-पासवर्डांची यादी तुमच्या लॉगिनवर चालवणं हा क्रेडेन्शियल स्टफिंग. त्यात तुमच्याकडे अस्तित्वातच नसलेली नावं येतात, ती त्याची खूण. तिसरा पासवर्ड स्प्रेइंग, आणि नवीन ॲडमिनच्या नजरेतून नेमका हाच सुटतो.

तो जरा जवळून बघू. समजा, पाच चुकांनंतर खातं लॉक व्हावं असा नियम आहे. हल्लेखोर एकच पासवर्ड निवडतो, संस्थेचं नाव आणि पुढे चालू साल अशा धाटणीचा, आणि तो प्रत्येक खात्यावर फक्त एकदा वापरतो. मग तासभर थांबून दुसरा पासवर्ड घेतो. कुठलंच खातं लॉक होत नाही, कुणाचा फोन येत नाही. खातेनिहाय अहवाल काढलात तर प्रत्येकाच्या नावापुढे एखाद-दुसरी चूक दिसते, सकाळी घाईत कुणाकडूनही होते तशी. तोच अहवाल उगमाच्या आयपी पत्त्याप्रमाणे लावा. विंडोजच्या लॉगमधले ४६२५ क्रमांकाचे इव्हेंट (फसलेला प्रवेश), आणि डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, ४७७१, एकाच पत्त्यावरून काही मिनिटांच्या आत, पुष्कळदा नावं सरळ वर्णानुक्रमाने. हुशार हल्लेखोर पत्ते बदलत राहतो. तेव्हा वेळेप्रमाणे लावून बघा, कारण एरवी चुका दिवसभर विखुरलेल्या असतात आणि इथे त्यांचा एक गठ्ठा दिसतो. मग त्या गठ्ठ्याच्या आतबाहेर एखादा ४६२४ किंवा निकाल यशस्वी असलेला ४७६८, म्हणजे यशस्वी प्रवेश, आहे का ते शोधा. असला, तर इतर सगळं काम बाजूला ठेवायची वेळ आली.

अशा एका खात्याने काय होऊ शकतं, ते २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनच्या घटनेत दिसलं. घुसखोर व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या सोयीच्या, एका खात्यातून आत आले. ते खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. दुसऱ्या पायरीची पडताळणी त्यावर नव्हती. आणि त्याचा पासवर्ड आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत सापडला. कंपनीने खबरदारी म्हणून स्वतःच इंधनवाहिनी बंद केली आणि सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. एक जुनं, विसरलेलं खातं, एवढंच निमित्त. म्हणून चोरलेल्या ओळखींच्या बाबतीत माझ्या यादीत पहिलं काम हेच: गेल्या तीन महिन्यांत एकदाही न वापरलेली खाती शोधून बंद करा. त्याला कुठलंही नवं उपकरण विकत घ्यावं लागत नाही.

दुहेरी पडताळणी, म्हणजे एमएफए, लावाच. पण ती लावली की विषय संपला असं धरून चालू नका. दोन गोष्टी सतत घडतात. पहिली, वापरकर्त्याच्या फोनवर मंजुरीच्या सूचनांचा मारा करणं. रात्री दहावी सूचना आली की माणूस वैतागून 'हो' दाबतो. स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये टाकायला लावणारी पद्धत वापरली तर हे बरंच आटोक्यात येतं. दुसरी जास्त वाईट: खोटं लॉगिन पान तुमच्या आणि खऱ्या सर्व्हरच्या मध्ये बसतं, तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही पुढे पाठवतं आणि परत आलेली सेशन कुकी (लॉगिन झाल्याचा पुरावा) ठेवून घेतं. त्या कुकीच्या जोरावर हल्लेखोर पुढे पासवर्ड न विचारता आत वावरतो. ओटीपीचा यात काहीच उपयोग होत नाही. फिडो प्रकारच्या हार्डवेअर की आणि पासकी मात्र इथे टिकतात, कारण त्या साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेल्या असतात. पत्ता खोटा असेल तर प्रवेशासाठी लागणारी डिजिटल सहीच करत नाहीत. सगळ्यांना देणं जमत नसेल तर निदान ॲडमिन आणि हिशेब विभाग यांना द्या.

हिशेब विभाग मुद्दाम म्हटलं. मेलबॉक्स हाती लागल्यावर पुष्कळ टोळ्या व्हायरस वगैरे काही टाकत नाहीत. त्या नुसत्या वाचत बसतात. पैशांची देवघेव कुणाशी चालली आहे, बिलं कुणाची येतात, कुठल्या भाषेत लिहितात, सगळं समजून घेतात आणि योग्य वेळी 'आमचं बँक खातं बदललं आहे' अशी मेल पाठवतात, तीही खऱ्या मेलबॉक्समधून, चालू संभाषणाच्या खाली. समोरच्याचं उत्तर खऱ्या मालकाला दिसू नये म्हणून मेलबॉक्समध्ये एक नियम बनवलेला असतो: विषयात 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' आलं की मेल वाचलेली म्हणून खूण कर आणि आरएसएस फीड्स नावाच्या, कुणीही न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक. नियमाचं नाव बहुधा एखादा टिंब किंवा दोन-तीन अक्षरं. मेल सर्व्हरवरच्या सगळ्या नियमांची यादी काढून त्यात असलं काही दिसतं का ते बघायला अर्धा तास पुरतो. महिन्यातून एकदा तरी बघाच. नेटवर्कच्या पुस्तकात हा प्रकार बहुधा येतही नाही, पण पैशांचं मोठं नुकसान इथेच होतं.

दुसरा मोठा गट म्हणजे पॅच (दोष दुरुस्त करणारं अपडेट) न केलेली आणि बाहेर उघडी पडलेली यंत्रं. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एसएमबी या, फायली नेटवर्कवर वाटून घ्यायच्या, प्रोटोकॉलमधल्या दोषाचा पॅच काढला. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे ला पसरला, म्हणजे मध्ये जवळजवळ दोन महिने होते. तरीही ब्रिटनच्या आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांपर्यंत त्याने कामं ठप्प केली. त्याच वर्षी इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत, वेबसाइटमागे चालणाऱ्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच मार्चच्या सुरुवातीला आला होता; घुसखोर मे मध्ये त्याच दोषातून शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. या घटनेतला एक तपशील प्रत्येक नेटवर्कवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे. बाहेर जाणारी एन्क्रिप्टेड वाहतूक उलगडून तपासणारं उपकरण तिथे होतं, पण त्यावरच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली होती. त्यामुळे उपकरण चालू होतं आणि आंधळंही होतं. २९ जुलैला नवं प्रमाणपत्र टाकलं आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसायला लागली. तुमच्याकडे देखरेखीची जी काही साधनं आहेत, ती खरोखर बघत आहेत ना, हे अधूनमधून स्वतः एखादी निरुपद्रवी चाचणी करून खात्री करून घ्या. हिरवा दिवा बघून थांबू नका.

अलीकडच्या वर्षांत एक बदल ठळक झाला आहे: राखणीसाठी बसवलेली फायरवॉल आणि व्हीपीएनची उपकरणंच पहिलं लक्ष्य होतात. ती इंटरनेटला तोंड करून उभी असतात, त्यांच्यावर अँटिव्हायरस चालत नाही आणि अपडेट करायचं तर सगळ्यांचं काम थांबवावं लागतं म्हणून पॅच पुढे ढकलला जातो. माझा क्रम असा असतो: आधी इंटरनेटला दिसणारं सगळं, मग डोमेन कंट्रोलर आणि बॅकअप सर्व्हर, मग बाकीचे सर्व्हर, शेवटी टेबलावरची यंत्रं. या उपकरणांचं ॲडमिन पान इंटरनेटवरून उघडत असेल तर ते आजच बंद करा. कॅमेरे, प्रिंटर, डीव्हीआर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदला. मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने) २०१६ मध्ये साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या एवढ्याच भांडवलावर लाखो उपकरणं ताब्यात घेतली आणि त्याच बॉटनेटच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर एवढा मारा झाला, की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अनेकांना उघडेनात.

आता मधली कडी: आतल्या आत पसरणं. याला लॅटरल मूव्हमेंट म्हणतात आणि माझ्या मते किरकोळ प्रसंग आणि आपत्ती यातला फरक इथेच ठरतो. एक मशीन जाणं टाळता येत नाही. कुणीतरी कधीतरी चुकीच्या लिंकवर क्लिक करणारच. प्रश्न एवढाच, की त्या मशीनवरून पुढे कुठवर जाता येतं. बहुतेक लहान-मध्यम नेटवर्कमध्ये उत्तर येतं 'कुठेही', कारण सगळं सपाट असतं. स्वागतकक्षातल्या संगणकावरून हिशेबाच्या सर्व्हरचा ४४५ पोर्ट (फायलींच्या देवाणघेवाणीचं दार) उघडा, कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून (नेटवर्कच्या वेगळ्या भागातून) ३३८९ वर रिमोट डेस्कटॉप उघडं.

२०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीची सुमारे ४ कोटी कार्डं गेली, त्यातला पहिला प्रवेश वातानुकूलन आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनवरून झाला होता. कंत्राटदाराला लॉगिन देण्यात गैर काही नाही. पण त्या प्रवेशावरून गल्ल्यावरच्या यंत्रांपर्यंत वाट असणं, ही खरी चूक. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या याहून बोलका आहे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत आला आणि पसरताना त्याने दोन साधनं वापरली: वॉनाक्रायनेही वापरलेला तोच एसएमबीचा दोष, आणि मशीनच्या मेमरीतून उचललेले ॲडमिनचे पासवर्ड. म्हणजे शंभरातलं एक मशीन पॅच न केलेलं असलं आणि त्यावर कधी डोमेन ॲडमिनने, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर हक्क असलेल्या खात्याने, लॉगिन केलेलं असलं, तर उरलेली नव्व्याण्णव पॅच केलेली असूनही पडली. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या डोमेन कंट्रोलरची एकच चांगली प्रत उरली होती, ती घानामधल्या कार्यालयात, तीसुद्धा तिथली वीज गेलेली असल्यामुळे.

यातून निघणारी कामं साधी आहेत, पण चिकाटी लागते. प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड वेगळा असला पाहिजे. विंडोजमध्ये त्यासाठी लॅप्स ही सोय आहे. डोमेन ॲडमिनने कुठल्याही साध्या वर्कस्टेशनवर, म्हणजे कर्मचाऱ्याच्या टेबलावरच्या संगणकावर, लॉगिन करायचं नाही, प्रिंटर दुरुस्त करायलासुद्धा नाही. सर्व्हिस अकाउंटचे, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम वापरतात त्या खात्यांचे, पासवर्ड पंचवीस-तीस अक्षरांचे ठेवा, कारण कुठलाही साधा वापरकर्ता त्यांचं तिकीट (त्या खात्याच्या पासवर्डवरून कुलूपबंद केलेला प्रवेशाचा पुरावा) मागून घेऊन घरी बसून फोडू शकतो. याला कर्बरोस्टिंग म्हणतात आणि जुनाट सर्व्हिस अकाउंटांचे छोटे पासवर्ड फुटायला फार वेळ लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: वर्कस्टेशनने वर्कस्टेशनशी बोलायची गरज जवळजवळ कधीच नसते. विंडोजच्या आतल्या फायरवॉलवरच वर्कस्टेशनवर येणारे ४४५, १३५ आणि ३३८९ हे पोर्ट बंद करा, फक्त व्यवस्थापनाच्या एक-दोन मशीनना मुभा ठेवा. एकाच गोष्टीला वेळ मिळणार असेल तर मी ही निवडेन. खर्च शून्य, आणि पसरण्याच्या नेहमीच्या वाटा एका फटक्यात बंद.

ही कडी लॉगमध्ये कशी दिसते? सिस्टिम लॉगमध्ये ७०४५, म्हणजे नवी सर्व्हिस बसली. सर्व्हिसचं नाव विचित्र किंवा पीएसएक्झेकचं (दूरच्या मशीनवर आज्ञा चालवायचं साधन), आणि वेळ कुणीच काम करत नसण्याची. एकाच वर्कस्टेशनवरून पाच मिनिटांत वीस मशीनवर नेटवर्क लॉगिन. ४७२८ किंवा ४७३२, म्हणजे कुणीतरी कुणाला एखाद्या गटात घातलं; तो गट ॲडमिनचा आहे का ते बघा. आणि ११०२, म्हणजे सिक्युरिटी लॉगच पुसला गेला. या इव्हेंटला निरागस कारण मला फार क्वचित सापडलं आहे. हे सगळे इव्हेंट त्या-त्या मशीनवर ठेवून उपयोग नाही, कारण हल्लेखोराच्या हातात तेच मशीन आहे. लॉग तत्काळ दुसरीकडे, वेगळ्या खात्याने चालणाऱ्या सर्व्हरवर गेले पाहिजेत.

स्थानिक नेटवर्कवरचे पुस्तकी हल्ले, एआरपी स्पूफिंग (दुसऱ्याचा आयपी आपलाच असं सांगून त्याची वाहतूक स्वतःकडे वळवणं) वगैरे, आजही घडतात, पण त्यासाठी हल्लेखोर आधी आत असावा लागतो. ओळखायला ते सोपे आहेत. एआरपी टेबल, म्हणजे कुठल्या आयपीसमोर कुठला मॅक (नेटवर्क कार्डाचा) पत्ता आहे याची यादी, काढा. गेटवेच्या आणि आणखी एखाद्या आयपीसमोर एकच मॅक पत्ता दिसला तर कुणीतरी मध्ये बसलेलं असू शकतं. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (आयपी वाटणाऱ्या अनधिकृत यंत्रांना अडवणं) आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (खोटी एआरपी उत्तरं टाकून देणं) चालू केलं की हा त्रास मिटतो. यातलं स्नूपिंग आणखी एका कारणासाठी लागतं. कुणीतरी वाय-फाय कमी येतं म्हणून घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावतो, तो आपले आयपी वाटायला लागतो आणि अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बंद पडतं. हेतू वाईट नसला तरी हा सुरक्षाभंगच आहे, कारण त्या राउटरने तुमच्या फायरवॉलच्या आत एक नवीन दार उघडलेलं असतं. विंडोजची एलएलएमएनआर ही नाव शोधायची जुनी सोयही बंद करा. तिच्या आधारे पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) गोळा करणं हा आत शिरलेल्याचा अगदी सुरुवातीचा उद्योग असतो. नुसतं स्निफिंग मात्र टीएलएस हे एन्क्रिप्शन सर्वत्र आल्यापासून पूर्वीइतकं फळत नाही. अजून टेलनेट, साधं एफटीपी किंवा एसएनएमपीची जुनी आवृत्ती, म्हणजे एन्क्रिप्शन न करणारे जुने प्रोटोकॉल, चालू असतील तिथेच ते फळतं, आणि स्विच-राउटरच्या व्यवस्थापनात हे जुनं सामान हमखास निघतं.

डीडॉसवर थोडक्यातच लिहितो, कारण त्यात तुमच्या हातात थोडंच असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, तोही उघड्या राहिलेल्या मेमकॅश्ड (माहिती मेमरीत साठवणाऱ्या) सर्व्हरांच्या जोरावर: छोटी विनंती खोट्या पत्त्यावरून पाठवायची आणि हजारो पट मोठं उत्तर बळीच्या माथी मारायचं. तुमची लाइनच भरून गेल्यावर तुमची फायरवॉल काही करू शकत नाही. ही व्यवस्था सेवा पुरवणाऱ्या कंपनीबरोबर आधीच ठरवून ठेवायची असते; कुणाला फोन करायचा हे कागदावर लिहून ठेवा. तुमच्या बाजूने एक कर्तव्य आहे: तुमचा डीएनएस किंवा एनटीपी (घड्याळं जुळवणारा) सर्व्हर बाहेरच्या कुणालाही उत्तर देत नाही ना ते तपासा, नाहीतर दुसऱ्यावरच्या माऱ्यात तुमचाही हात लागेल.

आतल्या माणसांबद्दल बोलायला लोक संकोचतात. तरी बोललं पाहिजे. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या मरूची परिसरात सांडपाण्याची यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने रेडिओवरून पंपांना आज्ञा पाठवून जवळपास ८ लाख लिटर मैला ओढ्यांत आणि उद्यानांत सोडला. स्थानिक परिषदेने त्याला नोकरी नाकारली होती. यंत्रणेची माहिती आणि साधनं त्याच्याकडे होतीच. मुद्दाम केलेलं नुकसान तसं विरळा. जास्त वेळा दिसतं ते म्हणजे नोकरी सोडून गेलेल्याचं चालू राहिलेलं खातं, चौघांनी मिळून वापरलेला एकच ॲडमिन पासवर्ड, आणि 'तेवढ्यापुरती' दिलेली परवानगी जी कुणी परत घेतली नाही. सामायिक पासवर्ड मला सर्वांत घातक वाटतो. काही घडलं तर चारही प्रामाणिक माणसं संशयाखाली येतात आणि लॉग कुणाचीच सुटका करू शकत नाही. प्रत्येकाला स्वतःचं ॲडमिन खातं देणं हे त्यांच्याही रक्षणाचं काम आहे.

माहिती बाहेर नेण्याची वाट बहुतेक वेळा साधी एचटीटीपीएस असते. पण डीएनएसकडे जरूर बघा, कारण तो पोर्ट सगळीकडे उघडा असतो. डीएनएसच्या नावातला एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो. चोरलेली माहिती सांकेतिक करून त्या तुकड्यांत भरली जाते आणि एकाच डोमेनखाली हजारो लांबलचक, निरर्थक दिसणाऱ्या नावांची चौकशी होत राहते. डीएनएस लॉग लांबीप्रमाणे लावला की ती वर येतात. दुसरी खूण नियमिततेची: माणूस ठरावीक अंतराने साइट उघडत नाही, पण आत बसलेला प्रोग्राम दर साठ सेकंदांनी मालकाला हजेरी देतो. सावध हल्लेखोर त्यात थोडं पुढेमागे करतात, तरी रात्रभराचा आलेख काढला की ताल कळतो. रॅन्समवेअरच्या टोळ्या हल्ली आधी माहिती बाहेर नेतात आणि मग कुलूप लावतात, म्हणून बॅकअप असला तरी धमकी उरतेच. बॅकअपची एक प्रत डोमेनशी अजिबात न जोडलेली हवी. घुसखोर सगळ्यात आधी बॅकअप सर्व्हर शोधून तो पुसतात.

विश्वासाच्या अपडेटमधूनच हल्ला आला तर, असं विचारलं जातं. सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत ओरायन या नेटवर्कवर देखरेख करणाऱ्या उत्पादनाचं दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांकडे पोचलं होतं, अगदी अधिकृत सहीसकट. डिसेंबर २०२० मध्ये ते उघडकीला आलं फायरआय या सुरक्षा कंपनीमुळे, आणि त्यांना संशय आला तो एका कर्मचाऱ्याच्या नावावर दुसरा फोन पडताळणीसाठी नोंदला गेल्यामुळे. त्यांनी त्या माणसाला विचारलं, 'हा फोन तुझा का?' तो नाही म्हणाला. एवढा अवघड हल्ला, आणि धागा मिळाला तो खात्यांच्या साध्या नोंदीत. नवा फोन नोंदला गेला की वापरकर्त्याला वेगळ्या मार्गाने विचारायचं, हा नियम दोनशे माणसांच्या नेटवर्कमध्ये सहज पाळता येतो.

आता काही सापडलं तर. मशीन बंद करू नका. मेमरीत चालू प्रोग्राम, जोडण्या आणि कधीकधी किल्ल्याही असतात, त्या बंद करताच जातात. नेटवर्कची केबल काढा किंवा स्विचवर तो पोर्ट बंद करा. आभासी मशीन असेल तर मेमरीसकट स्नॅपशॉट घ्या. फायली डोळ्यांसमोर कुलूपबंद होत असतील आणि नेटवर्क तोडणं शक्य नसेल, तरच वीज काढा. तपासायला म्हणून डोमेन ॲडमिनच्या खात्याने त्या मशीनवर लॉगिन करू नका, घुसखोर बहुधा त्याचीच वाट बघत असतो. आपसातलं बोलणं फोनवर ठेवा, कारण मेल तो वाचत असू शकतो. सापडलेली फाइल सार्वजनिक तपासणी साइटवर चढवू नका. फाइल तिथे आली का यावर हल्लेखोरही लक्ष ठेवतात आणि सावध होतात. फायरवॉल, व्हीपीएन आणि डीएनएसचे लॉग लगेच वेगळे काढून ठेवा, कारण लहान उपकरणांवर ते काही दिवसांत आपोआप पुसले जातात. व्यवस्थापनाला आणि कायदा बघणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा; अशा घटना सरकारी यंत्रणेला कळवायची मुदत पुष्कळ ठिकाणी तासांत मोजली जाते.

पासवर्ड बदलायची घाई सगळ्यांना असते. पण घुसखोर किती मशीनवर आहे हे कळायच्या आत बदललेत तर नवे पासवर्डही त्याच्या हाती लागतात. आधी पसारा मोजा, सगळी बाधित मशीन एकाच वेळी तोडा, मग स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला, क्लाउडवरची चालू सेशन्स रद्द करा, मेलबॉक्सचे नियम आणि बाहेरच्या ॲपना दिलेल्या परवानग्या तपासा. डोमेन कंट्रोलरपर्यंत तो पोचला असण्याची शंका असेल, तर केआरबीटीजीटी या, डोमेनची प्रवेशतिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात त्या, खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीची एक किल्लीही चालू राहते आणि तिच्यावर बनवलेली खोटी तिकिटं पहिल्या बदलानंतरही स्वीकारली जातात. घुसखोर अजून आत असेल तर दोन्ही बदल लागोपाठ करून टाका आणि थोडा वेळ कामं अडतील हे मान्य करा. धोका आटोक्यात आलेला असेल तर दोन बदलांमध्ये निदान दहा तासांचं अंतर ठेवा, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांच्या तिकिटांची नेहमीची मुदत संपलेली असेल आणि कुणाचं काम अडणार नाही.